मासिक संपले, वाचक उरला

(तृतीय वर्ष, कला)

एखादे मासिक बंद पडले की त्यावर हळहळ व्यक्त करण्याची आपल्याकडे एक ठरलेली रीत आहे. कागदाचे भाव कसे कडाडले, वाचक कसा उदासीन झाला, जाहिरातदारांनी कशी पाठ फिरवली याची उजळणी होते. चार जुने वर्गणीदार उसासे टाकतात आणि मग सारेच विसरून जातात. ज्याचे मासिक बंद पडले त्या प्रकाशकाचे पुढे काय झाले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. मला तो प्रश्न विचारावासा वाटतो, आणि त्याला एक घरचे कारण आहे. यंदा आपल्या वार्षिकांकाच्या विद्यार्थी संपादक मंडळात मी होते. पहिल्याच बैठकीत सूचना आली की, छापील अंक आता हवा कशाला? मजकूर संगणकावर टाकला की झाले. छपाईचा खर्च वाचेल आणि ज्याला वाचायचे तो वाचेल. त्या सूचनेवर बरीच गरमागरमी झाली. मी त्या दिवशी काहीच बोलले नाही, कारण काय बोलावे हे मला उमगले नव्हते. जे त्या वेळी सुचले नाही ते आता या पानांतून मांडते आहे. आणि त्यासाठी दूरच्या अमेरिकेतील एका प्रकाशनसंस्थेचा दाखला घेते आहे.

ही संस्था माझ्या कानावर आली ती एका खेळामुळे. आमच्या वसतिगृहात रविवारी दुपारी आम्ही पाच जणी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतो. त्याला पट असलाच पाहिजे असे नाही. एकीने कथा सांगायची, प्रसंग उभे करायचे. बाकीच्या चौघींनी आपापले पात्र घ्यायचे आणि 'मी दार उघडते', 'मी त्या म्हाताऱ्याशी बोलून पाहते' असे सांगत कथा पुढे न्यायची. जिथे जय की पराजय हे ठरवायचे असते तिथे फासे टाकायचे. फासेही नेहमीचे सहा बाजूंचेच नव्हेत. चार, आठ, दहा, बारा आणि चक्क वीस बाजूंचे! सारीपाटात फासा सोंगटी हलवतो, इथे तो गोष्ट हलवतो, एवढाच फरक म्हणा ना. कथा सांगणारीची मात्र परीक्षा असते. कीर्तनकाराला जसे पूर्वरंगापासून शेवटापर्यंत श्रोत्यांना धरून ठेवावे लागते तसे तिला धरून ठेवावे लागते. आणि इथले श्रोते मध्येच उठून कथानकच बदलून टाकतात.

या प्रकारच्या खेळांचा मूळ पुरुष म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो रचला आणि 1974 साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून टीएसआर नावाच्या छोट्या संस्थेने तो बाजारात आणला. पहिली छपाई होती अवघ्या एक हजार संचांची. नियम त्रोटक होते, शंका पुष्कळ होत्या. त्या शंकांना उत्तरे देण्यासाठी 1975 साली एक लहानसे वार्तापत्र निघाले आणि त्यातूनच जून 1976 मध्ये 'द ड्रॅगन' हे मासिक जन्माला आले. आपल्याकडे 1920 साली किर्लोस्करवाडीहून कारखान्याचे वार्तापत्र म्हणून निघालेल्या 'किर्लोस्कर खबर'चे पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले, ही हकिगत मराठीच्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे. धंद्याच्या गरजेतून निघालेले पत्रक वाचकांच्या जिव्हाळ्याने मासिक होते, हे दोन्हीकडे सारखेच घडले. 1986 साली त्याच घराण्यातून 'डंजन' हे दुसरे नियतकालिक निघाले. त्यात केवळ तयार कथानके असत. म्हणजे कथा सांगणाऱ्याने अंक उघडावा आणि त्या रात्रीचा खेळ उभा करावा.

पुढे टीएसआर कर्जात बुडाली. पुस्तकांच्या दुकानांतून न विकलेला माल परत येऊ लागला, छापखान्याची बिले थकली, आणि 1996च्या अखेरीपासून काही महिने 'ड्रॅगन' निघूच शकला नाही. 1997 साली सिअ‍ॅटलजवळच्या 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट' या कंपनीने टीएसआर विकत घेतली. दोनच वर्षांनी, 1999 मध्ये, हास्ब्रो या खेळण्यांच्या बड्या कंपनीने विझार्ड्सलाच विकत घेतले. मोठ्या माशाच्या पोटात गेल्यावर मासिकांचा छोटा संसार कोणाला हवा होता? 2002 साली कंपनीने ती दोन्ही मासिके परवाना देऊन बाहेर सोपवली.

ती घेतली लिसा स्टीव्हन्स या बाईंनी. त्या विझार्ड्सच्या अगदी सुरुवातीच्या कर्मचाऱ्यांपैकी एक. सहकाऱ्यांना घेऊन त्यांनी 'पायझो' ही संस्था काढली. या ग्रीक शब्दाचा अर्थ 'मी खेळतो'. मासिके काढणे हाच तिचा धंदा होता. नावे मात्र तिची नव्हती. 'ड्रॅगन' आणि 'डंजन' ही नावे, त्या खेळाचे नाव, त्यातली जगे, सारे विझार्ड्सच्या मालकीचे. आपल्या भाषेत सांगायचे तर पायझो ही खंडाने जमीन कसणारी कूळ होती. पीक तिचे, सातबारा दुसऱ्याचा.

पण तिने ती जमीन मन लावून कसली, हे मान्य केले पाहिजे. 'डंजन'मध्ये सुटी कथानके येत असत. पायझोच्या संपादकांनी ती एकात एक गुंफून वर्षभर चालणाऱ्या दीर्घ कथामाला सुरू केल्या. 2003 साली सुरू झालेली 'शॅकल्ड सिटी', त्यानंतरची 'एज ऑफ वर्म्स' आणि मग 'सॅव्हेज टाइड' या त्या तीन माला. खेळणारी मंडळी महिन्याच्या महिन्याला अंकाची वाट पाहू लागली. आपल्याकडे क्रमशः कादंबरीसाठी घरोघरी अंकाची जशी वाट पाहिली जाई तसाच हा प्रकार. आणि पहिली माला पूर्ण झाल्यावर 2005 साली ती एका जाडजूड ग्रंथरूपात निघाली. पुढे काय होणार याची ही पहिली चाहूल होती. मात्र ती तेव्हा कोणाच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही.

एप्रिल 2007 मध्ये जाहीर झाले की विझार्ड्स परवाना पुढे चालू ठेवणार नाही. दोन्ही मासिके तिला परत हवी आहेत, आणि पुढे ती कागदावर न काढता संगणकाच्या महाजालावर चालवायची आहेत. सप्टेंबर 2007चे अंक शेवटचे ठरले. 'ड्रॅगन'चा 359वा आणि 'डंजन'चा 150वा. एकतीस वर्षांची छापील परंपरा तिथे संपली. जिचा सारा धंदा मासिकांचा, तिच्या हातून मासिकेच गेली. अशा वेळी बहुतेक प्रकाशक काय करतात? एक कृतज्ञतेचे संपादकीय लिहितात आणि दुकानाची फळी लावतात.

पायझोने तसे केले नाही. मासिके संपण्याआधीच, ऑगस्ट 2007 मध्ये, तिने 'पाथफाइंडर' नावाची नवी माला सुरू केली. महिन्याला एक 96 पानांचे पुस्तक. सहा पुस्तकांत एक दीर्घ कथा पूर्ण. पहिले पुस्तक लिहिले ते 'डंजन'चे संपादक असलेल्या जेम्स जेकब्ज यांनी. ज्या वर्गणीदारांची काही अंकांची वर्गणी शिल्लक होती त्यांना ती नव्या मालेकडे वळवून घेण्याची सोय दिली गेली. म्हणजे पाहा, तारीख तीच, वर्गणीची पद्धत तीच, संपादकाची लेखणी तीच. फक्त मुखपृष्ठावरचे नाव बदलले आणि मासिकाचे पुस्तक झाले. अंक रद्दीत जातो, पुस्तक कपाटात राहते. मासिकाचा मागचा अंक विक्रेत्याच्या लेखी शिळा. पुस्तकाचा मागचा खंड मात्र नव्या वाचकाला पहिल्या खंडाइतकाच ताजा. व्यवहाराच्या दृष्टीने हा फरक किती मोठा आहे हे हिशेबाच्या वहीशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना सांगायला नको.

आता यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. पायझोने स्वतःचे असे काय केले? तिच्या कथा चालत होत्या त्या दुसऱ्याच्या खेळाच्या नियमांवरच ना? आक्षेप खरा आहे. पण त्यामागची हकिगत ऐकण्यासारखी आहे. 2000 साली खुद्द विझार्ड्सनेच 'ओपन गेम लायसन्स' या नावाचा एक मुक्त परवाना जाहीर केला होता. खेळाचे मूळ नियम कोणीही वापरावेत, त्यांवर आपली पुस्तके काढावीत, अशी ती मोकळीक. पायझो तिच्याच आधाराने उभी राहिली. 2008 साली विझार्ड्सने खेळाची चौथी आवृत्ती आणली तेव्हा नियम पार बदलले आणि नवा परवाना पहिल्यापेक्षा पुष्कळच जाचक ठेवला. पायझोपुढे दोनच वाटा होत्या: नव्या मालकाच्या अटी मान्य करायच्या, किंवा जुन्या मोकळ्या नियमांवर स्वतःचा खेळ उभारायचा. तिने दुसरी वाट धरली.

आणि ही वाट तिने वाचकांना बरोबर घेऊन धरली, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. जेसन बुलमन यांनी बांधलेल्या नव्या नियमांचा कच्चा खर्डा मार्च 2008 मध्ये सर्वांसाठी विनामूल्य खुला करण्यात आला. हजारो लोकांनी तो आपापल्या घरी खेळून पाहिला आणि कुठे अडते, कुठे खटकते ते कळवले. ऑगस्टमध्ये दुसरा खर्डा आला. त्यानंतर एक वर्षाने, ऑगस्ट 2009 मध्ये, 576 पानांचा पक्का ग्रंथ प्रसिद्ध झाला. पुढची काही वर्षे अमेरिकेतील खेळांच्या दुकानांच्या विक्रीक्रमांत हा 'पाथफाइंडर' खुद्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्याही वर होता. कुळाने मालकापेक्षा मोठे शेत पिकवले!

याच्या उलट मासिकांच्या नावांचे काय झाले तेही पाहावे. 'ड्रॅगन' आणि 'डंजन' महाजालावर गेले आणि जुनेच क्रमांक पुढे चालवीत 2013च्या अखेरीस थांबले. 2015 साली 'ड्रॅगन प्लस' म्हणून आणखी एक प्रयत्न झाला, तोही 2022 मध्ये आटोपला. नाव ज्याच्याकडे होते त्याचे मासिक टिकले नाही. आणि ज्याच्याकडे नाव उरले नव्हते तो प्रकाशक आजही पुस्तके काढतो आहे. म्हणून 'इंटरनेटने मासिके मारली' हे आपल्या बैठकीत एका मित्राने ठासून सांगितलेले वाक्य मला पटत नाही. निदान या उदाहरणात तरी कागद की पडदा हा मुद्दाच नव्हता. पायझोही आपली पुस्तके संगणकावर वाचण्यासाठी विकते. मुद्दा होता तो वाचकाशी असलेल्या नात्याचा. त्या नात्यात तीन गोष्टी होत्या: ठरलेल्या तारखेला पोचण्याचा शब्द, संपादकाची निवड, आणि वाचकाने उलट बोलावे यासाठी ठेवलेली जागा. पायझोने मासिक सोडले तेव्हा या तिन्ही गोष्टी बरोबर नेल्या.

येथवर वाचून कोणाला वाटेल की मी या संस्थेची आरतीच ओवाळते आहे. तसे नाही. मासिकाबाहेर पडताना तिच्या हातून एक गोष्ट निसटली, असे माझे मत आहे. 'डंजन'चा मोठा भाग वाचकांनी आपणहून पाठवलेल्या कथानकांनी भरत असे. कुठल्याशा गावातल्या अनोळखी पोराने लिफाफा धाडावा, तो संपादकाने उघडावा, नकार यावा, सुधारून पुन्हा धाडावा आणि एके दिवशी आपले नाव छापून यावे. पुढे नावारूपाला आलेले कित्येक खेळलेखक याच दाराने आत आले. दरमहा ठरलेल्या कथेचे पुस्तक काढायचे म्हटले की असा अनोळखी लिफाफा परवडत नाही. लेखक आधी ठरवावा लागतो, काम वाटून द्यावे लागते. दार बंद होत नाही, पण अरुंद होते. संस्थेलाही हे जाणवले असावे. कारण लवकरच तिने नवोदितांसाठी 'आरपीजी सुपरस्टार' ही स्पर्धा सुरू केली, आणि जिंकणाऱ्याला पुस्तक लिहिण्याची संधी मिळू लागली. परंतु स्पर्धेत एक जिंकतो आणि बाकीचे हरतात. मासिकात हरणे नसते. 'पुढच्या खेपेस पाहू' असे असते. हा फरक लहान नाही.

दुसरे असे की, वाचकांशी गोडी राखणारी संस्था आपल्याच माणसांशी तितकीच गोड असते असे नाही. 2021च्या ऑक्टोबरमध्ये पायझोच्या कर्मचाऱ्यांनी वेतन आणि वागणुकीच्या तक्रारींवरून संघटना स्थापन केली आणि संस्थेने त्याच महिन्यात तिला मान्यता दिली. मान्यता दिली हे चांगलेच झाले. पण तिथवर वेळ यावी लागली हेही विसरता येत नाही. ज्यांच्या हातांनी अंक घडतो त्यांच्या घामाचा हिशेब वाचकाने कधीतरी विचारायला हवा. आपणही आपल्या अंकाचे टंकन, मुद्रितशोधन करणाऱ्यांची नावे छापतो का, हे यानिमित्ताने पाहावे.

या कथेला अगदी अलीकडचा एक अध्याय आहे. जानेवारी 2023 मध्ये विझार्ड्स तो 2000 सालचा मुक्त परवाना मागे घेऊ पाहत आहे, असे एका फुटलेल्या मसुद्यावरून उघड झाले. जगभरच्या खेळणाऱ्यांत संतापाची लाट उठली. पायझोने इतर प्रकाशकांना सोबत घेऊन, कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसेल असा नवा मुक्त परवाना करण्याची घोषणा केली, आणि तो त्याच वर्षी तयार झाला. आठ महिने पुरावा म्हणून ठेवलेला आपल्या मूळ नियमग्रंथाचा साठा दोन आठवड्यांत संपला, असे तिने त्या दिवसांत जाहीर केले. अखेर महिनाभराच्या आत विझार्ड्सला माघार घ्यावी लागली, आणि तिने आपल्या खेळाचे मूळ नियम कोणालाही वापरता येतील अशा रीतीने कायमचे खुले केले. 2007 साली जिला आपल्या मासिकांचे नावही राखता आले नव्हते तिच्यामागे 2023 साली एवढे लोक उभे राहिले ते कशाच्या बळावर? पंधरा वर्षे दरमहा न चुकता पाळलेल्या शब्दाच्या बळावर, दुसरे काय?

हे सारे परदेशातले झाले, आमचा त्याच्याशी काय संबंध, असे कोणी म्हणू नये. 1982 साली 'सत्यकथा' बंद झाली तेव्हा मराठी साहित्याला केवढा चटका बसला हे आपल्या प्राध्यापकांनी वर्गात आपल्याला सांगितले आहे. पण मौज प्रकाशनाची पुस्तके त्यानंतरही निघत राहिली, 'मौज'चा दिवाळी अंक निघत राहिला. मासिकात कसून घेतलेली संपादनाची शिस्त ग्रंथांत उतरली. मासिक गेले, गृह राहिले. आणि तिथेही तोच प्रश्न मागे उरला, की अनोळखी नवकवीने आपली पहिली कविता आता पाठवावी कुठे? सरांनी तो प्रश्न वर्गात विचारला होता आणि आम्ही सारे गप्प बसलो होतो.

आता आपल्या वार्षिकांकाविषयी. प्रथम वर्षात असताना मी या अंकासाठी एक कथा दिली होती. ती परत आली. पण कोरी परत आली नाही. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलेले शेरे होते. एका ठिकाणी होते, 'हे तुला खरेच वाटले, की वाटायला हवे म्हणून लिहिलेस?' त्या एका प्रश्नाने मला जे शिकवले ते तीन वर्षांच्या नोट्सनी शिकवले नाही. दुसऱ्या वर्षी कथा छापून आली तेव्हा आईने तो अंक शेजारणीला दाखवायला नेला आणि तो अजून परत आलेला नाही!

म्हणून छापील अंक बंद करण्याच्या सूचनेला माझा सरसकट विरोध नाही. कागद पवित्र आणि पडदा अपवित्र, असे सोवळे-ओवळे मी मानीत नाही. खर्चाची अडचणही खोटी नाही. माझे म्हणणे एवढेच की, अंक कागदावरून जायचाच असेल तर तो रिकाम्या हाताने जाऊ नये. ठरलेल्या तारखेला निघण्याचे बंधन त्याच्याबरोबर गेले पाहिजे. नाहीतर 'टाकू कधीतरी' असे म्हणत तो कधीच निघणार नाही. समासातली पेन्सिल बरोबर गेली पाहिजे. ज्याला जे वाटेल ते त्याने टाकावे, कोणी वाचू नये, कोणी परत करू नये, अशी सोय म्हणजे वार्षिकांक नव्हे, ती नोटीस लावायची फळी आहे. आणि प्रथम वर्षाच्या अनोळखी मुलामुलींचा लिफाफा उघडला जाईल याची हमी बरोबर गेली पाहिजे. या तीन गोष्टी नेता येत असतील तर छापखान्याचे बिल खुशाल वाचवावे. नेता येत नसतील तर, चार पाने कमी करून का होईना, हा अंक असाच छापत राहावा.

पुढच्या बैठकीला मी या महाविद्यालयात नसेन. जे असतील त्यांनी निर्णय घेण्यापूर्वी मागच्या दहा वर्षांचे अंक ग्रंथालयातून एकदा काढून चाळावेत, आणि त्यांतले किती जण पहिल्यांदाच छापून आले होते ते मोजावे, एवढीच विनंती.